वीट विटेला जन्म देत नाही

शाळेच्या पुस्तकात पेशीची ओळख बहुधा एकाच उपमेने करून दिली जाते : विटांचे घर, तसे पेशींचे शरीर. सातवी-आठवीच्या मुलाला ही उपमा लगेच पटते, लक्षात राहते आणि पेपरात लिहिताही येते. पण ती अर्ध्या वाटेवर हात सोडते. वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन देवळापुढे उभे राहून पाहा. तिथला एकेक दगड कुणीतरी खाणीतून काढला, घडवला, वाहून आणला आणि दुसऱ्यावर बसवला. त्यानंतरच्या शेकडो वर्षांत त्या भिंतीतल्या एकाही दगडापासून दुसरा दगड तयार झालेला नाही. दगड निखळला तर पाथरवट बोलवावा लागतो. गुडघा खरचटला तर मात्र कुणालाच बोलवावे लागत नाही. जखमेच्या कडेच्या पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होत जातात आणि थोड्याच दिवसांत नवी कातडी येते.

पेशीसिद्धांत म्हणून मुले तीन वाक्ये पाठ करतात. सगळे सजीव एका किंवा अनेक पेशींचे बनलेले असतात. पेशी हा सजीवांच्या रचनेचा आणि कार्याचा मूलभूत घटक आहे. नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच तयार होते. फळ्यावर ही तिन्ही वाक्ये एका रांगेत, सारख्याच वजनाची दिसतात. प्रत्यक्षात पहिल्या दोहोंचा पाया १८३९ सालापर्यंत घातला गेला होता. तिसऱ्यासाठी आणखी पंधरा-वीस वर्षे वाद घालावा लागला, कारण पहिली दोन मांडणाऱ्यांचेच तिसऱ्याच्या बाबतीत चुकले होते. माझ्या मते पेशीसिद्धांताचा कणा हे तिसरे वाक्यच आहे. आपल्या माळशिरस तालुक्यातल्या ऊस-डाळिंबाच्या शेतात रोज कामाला येते तेही हेच. वर्गात त्याच्या वाट्याला सगळ्यात कमी वेळ येतो, म्हणून हा लेख.

सुरुवात मात्र क्रमाने करायला हवी. लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रयोगांची जबाबदारी सांभाळणाऱ्या रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ हे मोठे सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. पिसू, ऊ, माशीचे डोळे, सुईचे टोक असे जे जे भिंगाखाली धरले, त्याची त्यांनी चित्रे काढली. त्यात बुचाचा एक पातळ कापही होता. त्या कापात त्यांना ओळीने रिकामे कप्पे दिसले आणि त्यांनी त्यांना ‘सेल’ हे नाव दिले. हूक हिशेबाचे पक्के होते. एका घन इंच बुचात असे १२५ कोटींहून जास्त कप्पे मावतील, हा आकडा त्यांनी मांडून दाखवला. बूच पाण्यावर का तरंगते, दाबले की का दबते आणि सोडले की पुन्हा का फुगते, या प्रश्नांचे उत्तर त्यांना त्या हवेने भरलेल्या कप्प्यांत सापडले. ते शोधत होते ते इतकेच. बुचातल्या पेशी केव्हाच मेलेल्या असतात. आतले सजीव द्रव्य नाहीसे झालेले असते आणि उरतात त्या भिंती. पेशीला नाव मिळाले ते असे, तिच्या रिकाम्या सांगाड्यावरून.

जिवंत पेशी पाहिली ती हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापड-व्यापाऱ्याने. कापडाच्या धंद्यात धागे तपासायला भिंग लागते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. आन्टोनी व्हान लेव्हेनहूक यांच्या हाती भिंग आले ते असेच, असे मानले जाते. पुढे त्यांनी स्वतःच मसुरीच्या डाळीहून लहान भिंगे घासायला सुरुवात केली. त्यांच्या शिल्लक राहिलेल्या भिंगांपैकी सर्वांत चांगले वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवते. एकच भिंग, पितळेच्या दोन पट्ट्यांत बसवलेले, डोळ्याला चिकटवून धरायचे आणि उजेडाकडे पाहायचे. १६७४ साली त्यांनी तळ्याच्या पाण्यात वळवळणारे जीव पाहिले, १६८३ साली स्वतःच्या दातांवरच्या किटणात. पाण्यातल्या जीवांविषयी त्यांनी लंडनला लिहिलेल्या पत्रांवर सुरुवातीला तिथल्या विद्वानांचा विश्वास बसेना. अखेर १६७७ साली हूक यांनी स्वतः तयारी करून पाण्यातले ते जीव पाहिले आणि सोसायटीला दाखवले. महाविद्यालयाचे तोंडही न पाहिलेल्या एका दुकानदाराचा शब्द खरा ठरला. विद्यार्थ्यांना ही हकिगत आवर्जून सांगावी असे मला वाटते, कारण विज्ञानात अधिकार कुठून येतो हे तिच्यातून नेमके कळते.

त्यानंतर जवळपास दीडशे वर्षे गाडे फारसे पुढे सरकले नाही. याचे एक कारण अगदी साधे, भिंगांतले होते. दोन-तीन भिंगे एकापुढे एक लावली की प्रत्येक वस्तूच्या कडेला इंद्रधनुषी रंग उमटत आणि आकार पुसट होत. १८३० साली जोसेफ जॅक्सन लिस्टर या लंडनच्या मद्य-व्यापाऱ्याने भिंगांची अशी जुळणी शोधून काढली की रंगांचा हा दोष जवळजवळ गेला. लगेच पुढच्या वर्षी रॉबर्ट ब्राउन यांनी ऑर्किडच्या पेशींत एक गोल ठिपका पुन्हा पुन्हा दिसतो याकडे लक्ष वेधले आणि त्याला केंद्रक म्हटले. तो ठिपका पूर्वीही काहींच्या नजरेला पडला होता. ब्राउन यांनी तो पेशीचा नेहमीचा भाग मानला, हे त्यांचे श्रेय.

मग बर्लिनमधले ते प्रसिद्ध जेवण झाले. वनस्पतींचे अभ्यासक मॅथियस श्लायडेन आणि प्राण्यांचे अभ्यासक थिओडोर श्वान जेवताना बोलत होते. वनस्पतीच्या पेशीत केंद्रकाला किती महत्त्व आहे, हे श्लायडेन सांगू लागले. श्वान यांना आठवले की बेडकाच्या पिल्लाच्या पाठीतल्या दोरीसारख्या भागात आपण अगदी असेच गोल पाहिले आहेत. दोघे उठून प्रयोगशाळेत गेले. झाडात आणि प्राण्यात एकच मांडणी आहे, ही कल्पना तिथे पक्की झाली. श्लायडेन यांचा वनस्पतींवरचा निबंध १८३८ साली आला, श्वान यांचे पुस्तक १८३९ साली. पिंपळ, बैल, गांडूळ आणि माणूस या सगळ्यांचे शरीर एकाच प्रकारच्या घटकाने उभे राहते, ही गोष्ट आज आपल्याला जुनी वाटते. त्या काळी ती धक्कादायक होती.

मात्र पेशी येते कुठून, या प्रश्नावर दोघेही चुकले. पेशींच्या आत किंवा आजूबाजूला एक आकारहीन द्रव असतो, त्यात द्रावणात स्फटिक धरावेत तसे आधी केंद्रक धरते आणि मग त्याभोवती पेशी तयार होते, असे त्यांचे म्हणणे होते. ही चूक लहान नव्हती. पेशी नुसत्या द्रवातून आपोआप तयार होत असेल, तर जखमेतला पू, पोटातले जंत, नासलेल्या मांसातले जीव हे सगळे आपोआप निर्माण होते, ही जुनी समजूतही खरी मानावी लागली असती. ‘पेशी हा मूलभूत घटक’ हे वाक्य मग वीट आणि घर यांच्या पलीकडे गेलेच नसते.

इथे ज्या माणसाचे नाव बहुतेक पाठ्यपुस्तके गाळतात, तो येतो : रॉबर्ट रेमाक. जन्म १८१५, पोझेन शहरातल्या ज्यू कुटुंबात. प्रशियात तेव्हा ज्यूंना विद्यापीठात शिकवण्याची मुभा नव्हती आणि धर्म बदलायला रेमाक तयार नव्हते. राजाकडे अर्ज करून १८४७ साली त्यांना शिकवण्याची परवानगी मिळाली, पण पूर्ण प्राध्यापकपद अखेरपर्यंत मिळाले नाही. या माणसाने उबवत्या कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या रक्तपेशी पाहिल्या आणि त्या दोन भागांत विभागताना १८४१ सालीच नोंदवल्या. तरी त्यांनी घाई केली नाही. एका ऊतीत दिसले म्हणून सगळीकडे तसेच असेल, असे धरून ते चालले नाहीत. पुढची दहा वर्षे ते बेडकाच्या अंड्यामागे लागले.

बेडकाच्या अंड्यात काय दिसते, हे वेळापूरच्या मुलांना पहिल्या चांगल्या पावसानंतर शेतातल्या डबक्याकाठी बघता येईल. पाण्यात किंवा काठच्या गवताला पारदर्शक जेलीचा गोळा असतो आणि त्यात मोहरीएवढे काळसर ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक पेशी. अंडी अगदी ताजी असतील तर काही तासांत, साध्या हातभिंगातूनही, त्या गोलावर वरून खाली एक खाच उमटताना दिसते. एकीच्या दोन पेशी झाल्या. मग पहिलीला काटकोनात दुसरी खाच : चार. तिसरी खाच आडवी : आठ. यात बाहेरून काहीही भरले जात नाही, गोळ्याचा आकारही वाढत नाही. तेच द्रव्य पुन्हा पुन्हा वाटले जाते. (अंडी पाण्यातच राहू द्यावीत आणि पाहून झाले की तिथेच सोडावीत.) रेमाक यांनी अशी अंडी रसायनात घट्ट करून त्यांची पटले तपासली. विभागणी केंद्रकापासून सुरू होते आणि पेशीचे पटल आत वळून पेशीचे दोन भाग करते, हे त्यांनी दाखवले. द्रवातून नवी पेशी धरल्याचे त्यांना कुठेच आढळले नाही. १८५२ साली त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

तीन वर्षांनी, १८५५ साली, जर्मन वैद्य रुडॉल्फ विरशॉ यांनी तोच निष्कर्ष एका छोट्या लॅटिन वाक्यात मांडला. १८५८ साली त्यांची पेशी आणि रोग यांवरची व्याख्याने पुस्तकरूपाने आली आणि ते वाक्य जगभर गेले. पुढे श्रेय बहुतेक त्यांच्याच नावावर जमा झाले, हा रेमाक यांच्यावरचा अन्याय आहे. विरशॉ यांचे स्वतःचे कामही मोठे आहे. रोग शरीरभर पसरलेल्या दूषित रसांत नसतो, तो विशिष्ट पेशींत असतो, हे त्यांनी वैद्यकाला शिकवले. आज गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवतात, तेव्हा डॉक्टर विरशॉ यांच्याच वाटेने जात असतात. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल आजार तर नावापासूनच पेशीचा आहे. तांबडी पेशी गोल राहायची ती कोयत्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि सांधे ठणकू लागतात.

पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी १८६०च्या आसपास बाकदार मानेच्या चंबूत उकळलेला रस महिनोन्‌महिने न नासता ठेवून दाखवला. जंतूसुद्धा जंतूपासूनच येतो, हे त्यातून ठरले. वॉल्थर फ्लेमिंग यांनी १८८२ साली पेशी विभागताना आतले धागे, म्हणजे आपण ज्यांना गुणसूत्रे म्हणतो ती, कशी दुप्पट होऊन सारखी वाटली जातात, याची बारकाईने काढलेली चित्रे प्रसिद्ध केली. आता पेशीपासून पेशी होताना वारसा कसा जातो, हेही दिसू लागले.

आता हे सगळे आपल्या शेतात आणू. डाळिंबावरचा तेल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बागाईतदाराला वेगळा समजावून सांगायची गरज नाही. पानावर, फळावर तेलकट डाग येतो, तो काळा पडतो, फळाला तडा जातो आणि हातातोंडाशी आलेला बहार गमावला जातो. डाळिंबासाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ साली सोलापुरातच सुरू झाले, यावरून इथे या पिकाचे वजन किती आणि त्याच्यावरचे संकट किती हे कळावे. तेल्या झॅन्थोमोनास गटातल्या एका जिवाणूमुळे होतो. हा जिवाणू म्हणजे एकच पेशी, तीही केंद्रक नसलेली, मिलिमीटरच्या साधारण हजाराव्या भागाएवढी. पाऊस पडला की तेल्या येतो, असे आपण सहज म्हणून जातो. पाऊस त्याला पसरवतो, ओलावा वाढू देतो. पण पावसातून जिवाणूची एकही पेशी तयार होत नाही. यंदाच्या बागेतली प्रत्येक जिवाणू-पेशी आधीच्या एखाद्या जिवाणू-पेशीची संतती आहे. गेल्या बहारातल्या रोगट फांदीवर, खाली पडलेल्या पानांत, न पुसलेल्या छाटणीच्या कात्रीवर किंवा रोगट झाडावरून घेतलेल्या गुटी कलमात ती टिकून राहिलेली असते. म्हणूनच तज्ज्ञ रोगट पाने-फळे वेचून नष्ट करायला, प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करायला आणि खात्रीच्या मातृवृक्षाचीच रोपे घ्यायला सांगतात. रेमाक यांनी बेडकाच्या अंड्यात जे पाहिले, त्याचाच हा शेतातला उपयोग. हा सल्ला ‘कटकटीचा’ म्हणून बाजूला सारून केवळ फवारणीवर विसंबणारा बागाईतदार पाहिला, की शाळेत तिसरे वाक्य नीट शिकवले गेले असते तर बरे झाले असते, असे मनापासून वाटते.

उसाचेही तेच. ८६०३२ जातीचा ऊस आपण टिपरी लावून वाढवतो. डोळा फुटतो, कोंब येतो, त्याचा ऊस होतो, त्याची पुन्हा टिपरी. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत एका बीपासून उगवलेल्या एका रोपट्यापासून ही सगळी साखळी सुरू झाली. महाराष्ट्रभर पसरलेला या जातीचा प्रत्येक ऊस त्या एका रोपट्याच्या पेशींची सलग विभागणी आहे. त्यामुळे गुण टिकतात, तसे आजारही टिकतात. गवताळ वाढ किंवा मोझॅक एकदा बेण्यात शिरला की टिपरीतून पुढच्या पिकात उतरतो. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये यावर जो उपाय करतात, तो पेशीसिद्धांताच्या जोरावर. वाढत्या कोंबाच्या अगदी टोकाला, पानांच्या आत आत दडलेला, सुईच्या टोकाएवढा ऊतीचा भाग असतो. तिथल्या पेशी इतक्या भराभर विभागतात आणि रसवाहिन्यांपासून इतक्या दूर असतात की विषाणू बहुधा तिथवर पोहोचत नाहीत. तेवढाच भाग कापून निर्जंतुक बाटलीत क्षार, साखर आणि वाढ-संप्रेरके घातलेल्या जेलीवर ठेवतात. त्याला कोंब फुटतात, कोंबांचे झुबके होतात, ते वेगळे करून त्यांना मुळे फोडतात, शेडनेटमध्ये हार्डनिंग करतात आणि रोपे शेतात येतात. करमाळा तालुक्यात कंदरच्या बाजूला केळीचे जी-नाइनचे मळे उभे आहेत, तेही अशाच टिश्यू कल्चरच्या रोपांवर.

एका पेशीत अख्खे झाड उभे करण्याची ताकद असली पाहिजे, असा अंदाज ऑस्ट्रियाचे गॉटलीब हाबरलांट यांनी १९०२ साली बांधला होता. प्रयोग मात्र त्यांना साधला नाही. १९५८ साली अमेरिकेत स्ट्युअर्ड यांनी गाजराच्या सुट्या पेशींपासून गाजराची रोपे वाढवून दाखवली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले काम मला याहूनही अद्भुत वाटते. बांबूच्या काही जातींना फुलायला अनेक दशके लागतात, काही तर माणसाच्या आयुष्यात एकदाच फुलतात. रजनी नाडगौडा, व्ही. ए. पारशरामी आणि ए. एफ. मस्करेन्हास यांनी बाटलीतल्या बांबूच्या कोवळ्या रोपांना काही महिन्यांतच फुले आणली, बियाही धरल्या. ते काम १९९० साली ‘नेचर’ या नियतकालिकात आले. वनस्पतीची पेशी आपले वय बाजूला ठेवू शकते, हे पुण्यात सिद्ध झाले.

प्राण्यांच्या पेशींचे काम अधिक अवघड. आणि ते आपल्याकडे उभे केले ते एका मराठी बाईंनी. कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. हुजूरपागा, मग फर्ग्युसन, मग पुण्याचे कृषी महाविद्यालय. तिथे १९४३ साली एम.एस्सी. करताना त्यांचा विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींचे पेशी-आनुवंशशास्त्र. बार्शीकडच्या सीताफळांवर वाढलेल्या मुलांना हे जरूर सांगा. लग्नानंतर त्या मुंबईत आल्या आणि कमल रणदिवे या नावाने टाटा मेमोरियल रुग्णालयात व्ही. आर. खानोलकर यांच्या हाताखाली कॅन्सरवर संशोधन करू लागल्या. १९४९ साली पीएच.डी. झाल्यावर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समधल्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवून वाढवणे हा गाय यांचा ध्यास होता. परतल्यावर कमलताईंनी मुंबईच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात ऊती-संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. तिला भारतातली अशी पहिली प्रयोगशाळा मानतात.

असे काम म्हणजे काय, हे कल्पनेने तरी पाहावे. पेशींना शरीराइतकीच ऊब हवी, सदतीस अंश. रक्तद्रव्य मिसळलेले पोषण हवे आणि ते ठरल्या वेळी बदलायला हवे. एक बुरशीचा कण शिरला तरी आठवड्यांची मेहनत वाया. त्यातून निरोगी मानवी पेशी साधारण पन्नास वेळा विभागल्या की थांबतात. कॅन्सरच्या अनेक पेशी थांबतच नाहीत. गाय यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतल्या पेशी, तिला न विचारता, वाढवल्या गेल्या. त्याच वर्षी ती वारली. तिच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत, पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातसुद्धा, विभागत आहेत. पोलिओच्या लशीच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. परवानगीचा प्रश्न मात्र तिच्या कुटुंबाला कित्येक दशके लढवावा लागला, आणि तो लढवणे रास्तच होते. कमलताईंनी उंदरांतल्या स्तनाच्या कॅन्सरवर, त्यातल्या आनुवंशिकतेवर आणि कुष्ठरोगाच्या जिवाणूवर काम केले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. कॅन्सर म्हणजे थांबायचे विसरलेली विभागणी. इथेही तेच तिसरे वाक्य आहे, फक्त त्याची भयंकर बाजू.

हुशार मुले वर्गात अडचणीचे प्रश्न विचारतात, आणि ते विचारलेच पाहिजेत. विषाणू पेशीचा नसतो, मग तो सजीव का? स्वतःची पेशी नसल्याने त्याला वाढायला दुसऱ्याची पेशी लागते, म्हणून बहुतेक शास्त्रज्ञ त्याला काठावर ठेवतात. आपल्या प्रौढ तांबड्या पेशीत केंद्रक नसते. ती विभागत नाही, सुमारे १२० दिवस जगते, आणि नव्या तांबड्या पेशी हाडांतल्या मज्जेत दुसऱ्याच पेशींपासून तयार होतात. सगळ्यात कठीण प्रश्न : प्रत्येक पेशी पेशीपासून, तर पहिली कुठून? पृथ्वीवरच्या जीवसृष्टीचे सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीचे पुरावे खडकांत सापडतात. तेव्हाची परिस्थिती आजच्याहून फार वेगळी होती, आणि ही सुरुवात कशी झाली यावर जगभर संशोधन चालू आहे. पेशीसिद्धांत आजच्या सजीवांविषयी बोलतो, हे मुलांना स्पष्ट सांगावे. आकड्यांची आवड असलेल्यांना एक गणित द्यावे : एका फलित पेशीची सलग ४५ वेळा दुप्पट केली तर ३५ लाख कोटी होतात. माणसाच्या शरीरातल्या पेशींचा अंदाज सुमारे ३७ लाख कोटींचा आहे.

पण ऐकून पेशी कळत नाही, पाहावी लागते. पिकलेल्या कलिंगडाच्या गरात चमचमणारे बारीक कण नुसत्या डोळ्यांनी दिसतात. त्यातले बरेच कण म्हणजे एकेक पेशी. कांद्याचे प्रात्यक्षिक तर सगळ्यांना ठाऊक आहे. पाकळी मोडायची, आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा चिमटीने ओढायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात सुरकुती न पाडता पसरायचा, आयोडीनचा थेंब टाकायचा आणि आच्छादक काच एका कडेने हळूच टेकवायची, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. लांबट चौकटी आणि प्रत्येकीत एका बाजूला सरकलेले पिवळसर केंद्रक दिसते. बहुतेक शाळांचे प्रात्यक्षिक इथेच संपते, आणि मग मुलांच्या मनात पुन्हा विटांची भिंतच राहते.

त्याच कांद्यापासून पुढची पायरी गाठता येते. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याला तोटा नाही. एक कांदा पाण्याने भरलेल्या बरणीच्या तोंडावर असा ठेवा की बूड जेमतेम पाण्याला टेकेल. दोन-चार दिवसांत पांढरी मुळे फुटतात. सकाळच्या वेळी मुळाच्या टोकाचा दोन मिलिमीटर भाग कापा, अल्कोहोल तीन भाग आणि अ‍ॅसेटिक आम्ल एक भाग अशा मिश्रणात रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित कोमट करा, अ‍ॅसिटोकार्माइनने रंगवा आणि काचेखाली टिपकागदाने दाबून चपटा करा. आम्लाचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. चारशे पट मोठे करून पाहिले की काही पेशींत गोल केंद्रकाऐवजी लाल धाग्यांचा गुंता दिसतो, काहींत ते धागे मधोमध रांगेत उभे असतात, तर काहींत दोन गट विरुद्ध टोकांकडे सरकलेले असतात. कांद्याच्या पेशीत ही गुणसूत्रे १६ असतात, आणि धीर धरला तर मोजताही येतात.

वेळापूर परिसरातल्या विज्ञानशिक्षकांना म्हणून एवढीच विनंती आहे. या वर्षी कांद्याचा पापुद्रा दाखवून सूक्ष्मदर्शक कपाटात परत ठेवू नका. आठवी-नववीच्या एका तरी वर्गाला कांद्याच्या मुळाचा शेंडा दाखवा, आणि जे दिसेल त्याचे चित्र प्रत्येकाला स्वतःच्या हाताने, पुस्तकातले न पाहता, वहीत काढायला लावा.